अजिंठ्याला राहून चित्रं काढायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटली की माझा फोन वाजायला लागतो. मी चित्रकलेची शिक्षिका, आता निवृत्त. बरीच वर्षं झाली, हिवाळ्यात सात-आठ जणांना घेऊन मी फर्दापूरला आठवडाभर मुक्काम टाकते आणि रोज लेण्यांत जाऊन रेखाटनं करते. या उद्योगाला नाव नाही, बॅनर नाही. प्रश्न मात्र तेच ते येतात. दर वेळी फोनवर घसा कोरडा करण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकलं.

अजिंठ्याला कलाकारांसाठी रेसिडेन्सी आहे का?

अर्ज करायचा, निवड झाली की खोली, स्टुडिओ आणि मानधन मिळायचं, असं लेण्यांच्या आवारात काही नाही, आणि होणारही नाही. संध्याकाळी लेणी बंद झाली की तिथे पाहुण्यानं थांबायचं नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय वीट रचता येत नाही. त्यामुळे 'लेण्यासमोर छोटीशी कुटी' हे स्वप्न घरीच ठेवून या.

पण १८४४ पासून पुढची पाऊणशे-ऐंशी वर्षं चित्रकार इथे येऊन राहिले, कुणी एक हिवाळा, कुणी जवळजवळ दोन दशकं. तेव्हा रेसिडेन्सी हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. माझ्या मते आपल्याकडची पहिली आणि सगळ्यात लांबलेली रेसिडेन्सी हीच.

मग तुम्ही राहता कुठे?

फर्दापुरात. लेण्यांच्या फाट्यापासून जवळ, जळगाव रस्त्यावर. एमटीडीसीचं निवास आहे, साध्या लॉजही आहेत. आम्ही साधं बघतो, कारण दिवसभर डोंगरात असतो आणि रात्री नऊला सगळे आडवे. जळगाव स्टेशन साधारण ६० किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर शंभराच्या आसपास. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना मी रेल्वेनं जळगाव गाठायला सांगते. फाट्यावर खासगी गाडी ठेवायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जायचं. तिथे स्फटिकाचे दगड विकणारे तुम्हाला गाठतील. पहिल्या दिवशी घेऊ नका, शेवटच्या दिवशी ओळखीनं भाव बरा लागतो.

पूर्वीचे चित्रकार कसे राहायचे?

रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी. लेण्यांची पडझड होतेय, चित्रं जातील, त्याआधी नकला करून घ्या, असा लकडा लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनं ईस्ट इंडिया कंपनीकडे लावला आणि १८४४ मध्ये गिलला इकडे पाठवलं. तो घाटावरच्या अजिंठा गावात, बारादरीत राहायचा. हे गाव लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटर. दरीत तेव्हा जंगल होतं आणि जंगलात वाघ. मुळात १८१९ मध्ये लेणी नव्यानं उजेडात आली तीच वाघाच्या शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या घोडदळातल्या गोऱ्या अधिकाऱ्यामुळे. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि २८ एप्रिल ही तारीख खरवडून ठेवलीय. ती आज डोक्याच्या वर दिसते, कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात कित्येक फूट राडारोडा साचला होता.

पुढे आलेले बहुतेक तंबू ठोकून राहिले. १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज बाईंनी फर्दापूरला तळ दिला होता. हाताशी कलकत्त्याहून आलेली तरुण पोरं होती: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा. अवनींद्रनाथ टागोरांचे हे शिष्य. हैदराबादहून सय्यद अहमद आले होते. त्यांचा तर पुढे सगळा जन्मच अजिंठ्याशी बांधला गेला. हेरिंगहॅमबाई स्वतः अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्र काढण्याच्या जुन्या इटालियन पद्धतीतल्या जाणकार होत्या, त्यामुळे त्या भिंतीकडे कारागिराच्या नजरेनं बघायच्या. मला हा गट फार आवडतो. फर्दापुरात थंडीनं हात गारठले की मी पोरांना सांगते, नंदलालबाबूंचेही इथेच गारठले असणार.

गिलनं काढलेली चित्रं बघायला कुठे मिळतील?

जवळजवळ कुठेच नाही. १८६३ पर्यंत तो काम करत होता. कापडावर तैलरंगात मोठमोठ्या नकला करून त्या लंडनला पाठवल्या गेल्या. तिथे क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रचंड प्रदर्शनगृहात त्या मांडल्या होत्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत जळाल्या. प्रदर्शनात नव्हती ती बोटांवर मोजण्याइतकी वाचली. गिल तेव्हा जिवंत होता. तोवर त्यानं कॅमेराही हातात घेतला होता, त्यामुळे त्याची लेण्यांची छायाचित्रं मात्र राहिली. १८७९ मध्ये तो गेला. कबर भुसावळला आहे.

जे.जे.च्या विद्यार्थ्यांनीही नकला केल्या होत्या ना? त्या तरी आहेत का?

निम्मं उत्तर 'हो'. गिलची चित्रं जळाल्यावर तेच काम मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टकडे आलं. जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत मोसम साधून इथे येत राहिले. पुढे व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले पेस्तनजी बोमनजी या तुकडीत होते. तीनशेच्या आसपास चित्रं तयार झाली आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाकडे गेली. १८८५ मध्ये तिथेही आग लागली. बरीच गेली, बरीच वाचली. वाचलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. ग्रिफिथ्सचे दोन जाडजूड खंड १८९६-९७ मध्ये छापून आले, म्हणून निदान छापील रूपात सगळ्याचा अंदाज येतो.

मला यात जास्त कुतूहल त्या विद्यार्थ्यांचं वाटतं. शाळेत त्यांना ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून छायाप्रकाश शिकवायचे. आणि इथे समोर अशी भिंत, जिथे सावली जवळजवळ नाही आणि सगळं काम रेषा करते. त्यांच्या हाताला पहिले काही दिवस काय झालं असेल? त्यांनी कुणी रोजनिशी ठेवली असती तर मी ती उशाशी घेऊन झोपले असते.

'अजिंठ्याचा शाप' खरा आहे का?

हा प्रश्न दर वर्षी येतो, बहुतेक रात्रीच्या जेवणानंतर. गिलची चित्रं जळाली, ग्रिफिथ्सची जळाली. आराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार १९१७-१८ च्या सुमारास इथे येऊन कागदावर नकला करून गेले. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि १९२३ च्या कांतो भूकंपात नष्ट झाल्या. तीन गोष्टी ओळीनं सांगितल्या की अंगावर काटा येतो खरा. पण हेरिंगहॅमबाईंच्या गटाचं काम १९१५ मध्ये छापून आलं, सय्यद अहमद यांच्या नकला हैदराबादला राहिल्या, आणि गुलाम याझदानींनी निजामाच्या पुरातत्त्व खात्यातर्फे चार भागांत सगळं प्रसिद्ध केलं. शाप इतका निवडक नसतो. एवढ्या दूर नेऊन एकाच छताखाली सगळं ठेवलं की असं होतं.

मोबाइलमध्ये इतके चांगले फोटो मिळतात. मग नकल कशाला करायची?

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, सगळ्यांना पाठ असतो. कॅलेंडरवर, पुस्तकाच्या कव्हरवर, साडीच्या पदरावरसुद्धा. आमच्याबरोबर एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, हात बरा होता त्यांचा. त्यांनी बाहेर येऊन आठवणीनं पद्मपाणीचं डोकं काढलं. सरळ, नाकासमोर बघणारं. मी म्हटलं, "काका, पुन्हा आत जाऊन बघून या." आले. पुन्हा काढलं, पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा ते आतून आले ते हसतच. म्हणाले, "बाई, हा माणूस मान वाकवून उभा आहे आणि साठ वर्षं मी तो सरळच बघतोय."

नकलेचा उपयोग हा असा. मान कलली की खांद्याची रेषा दुसरीकडे जाते, कमर तिसरीकडे, आणि हातातलं निळं कमळ त्या सगळ्याचा तोल धरतं. एका बाजूची भुवई तशीच खाली उतरून नाकाची कड होते. कुंचला मध्ये उचललेला नाही असं वाटतं. फोटोत हे दिसतं, पण कळत नाही. हात चुकला की कळतं.

लेण्यात बसून चित्र काढू देतात का?

पेन्सिल आणि मांडीवर मावेल एवढी वही असेल तर मला आजवर कुणी अडवलेलं नाही. स्टँड, ट्रायपॉड, ओले रंग, मोठा बोर्ड यातलं काहीही न्यायचं असेल तर पुरातत्त्व खात्याच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाकडे आधी लेखी परवानगी मागा. दारात येऊन वाद घालू नका. फ्लॅश तर नाहीच नाही. मोबाइलची बॅटरी लावून चित्राच्या तोंडाशी नेणारे लोक दर वर्षी भेटतात, त्यांच्यातले एक होऊ नका. रंगीत लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून जाड मोजे आणा. दगड गार असतो.

खरी अडचण वेगळी. रंगीत लेण्यांत एका वेळी ४० माणसं आणि १५ मिनिटं असा नियम आहे. गर्दीच्या दिवशी तो पाळतातच आणि पाळायलाच हवा, कारण आपल्या श्वासातला ओलावासुद्धा त्या भिंतींना सोसत नाही. पहिल्या वर्षी मी चिडले होते. आठवडाभर राहायला आलो आणि १५ मिनिटांत काय डोंबल काढणार? शिवाय बाहेरच्या उन्हातून आत गेलं की पहिली काही मिनिटं काळोखच दिसतो. डोळा सरावतोय तोवर शिट्टी.

मग आम्ही वही आत न्यायचीच बंद केली. आत फक्त बघायचं. हात मागे बांधून, एकच चौरस फूट. मग बाहेर येऊन झाडाखाली किंवा कट्ट्यावर बसून आठवेल तेवढं काढायचं. मग पुन्हा रांग लावून आत, आणि आपण काय विसरलो ते शोधायचं. दिवसातून अशा चार-पाच खेपा होतात. तिथले एक सुरक्षारक्षक मामा आता आम्हाला ओळखतात. "आले परीक्षेवाले," म्हणतात. आज तो नियम काढून टाकला तरी मी हीच पद्धत ठेवीन.

सुरुवात कुठल्या लेण्यापासून करावी?

पहिल्यापासून नको. तिथे सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात जास्त दडपण. मी नवख्यांना आधी चोविसाव्यात नेते. ते अर्धवट सोडलेलं लेणं आहे, फारसं कुणी थांबत नाही. छिन्नीचे घाव अजून ताजे असल्यासारखे दिसतात: आधी चर खणायचे, मग मधला दगड फोडून काढायचा, खांब ठोकळ्यासारखे राखून नंतर घडवायचे. बांधत बांधत वर जायचं नाही, कोरत कोरत आत जायचं, हे तिथे अर्ध्या तासात समजतं. मग सव्विसावं. तिथला आडवा बुद्ध सात मीटरहून लांब आहे. पायथ्याशी शोक करणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर दिवस घालवा, एकसारखा एक नाही.

त्यानंतर रंगीत लेणी. सतराव्यातली उडणारी अप्सरा जरूर बघा. तिच्या गळ्यातल्या माळा एका बाजूला सरकल्यात, तेवढ्यावरून ती वेगानं येतेय हे कळतं. पंख नाहीत, ढगांचा पसारा नाही, फक्त मोत्यांची सर तिरकी. दुसऱ्या लेण्यात हंसांची रांग आहे, प्रत्येकाची मान वेगळी. पहिल्यात खांबाच्या माथ्यावर चार हरणांना मिळून एकच डोकं दिलंय, कुठल्याही हरणाकडून बघा, डोकं त्याचंच वाटतं. लहान मुलांना हे सगळ्यात आधी दिसतं.

सोळाव्यातली 'मरणासन्न राजकन्या' लोक मुद्दाम शोधत येतात. ती बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची, बायको सुंदरी. नवरा भिक्षू झाल्याची बातमी मुकुटासकट तिच्यापुढे आलीय. ग्रिफिथ्सचं म्हणणं असं होतं की फ्लोरेन्सचा चित्रकार हिला रेखाटनात सरस करता, व्हेनिसचा रंगात, पण यापेक्षा जास्त भाव दोघांनाही आणता आला नसता. चित्र आता इतकं पुसट आहे की पहिल्या खेपेला काहीच दिसत नाही. तिसऱ्या खेपेला तिचे खांदे दिसायला लागतात.

ही फ्रेस्को आहेत ना?

नाही, जरी सगळीकडे तसं म्हणायची रीत असली तरी. फ्रेस्को म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असताना त्यात रंग मुरवणं. इथे खडबडीत दगडावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा तूस, गवत आणि काड्यांचे धागे. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडा आणि पिवळा गेरूच्या जातीच्या मातीतून, हिरवा इथल्याच काळ्या दगडात सापडणाऱ्या हिरव्या मातीतून, काळा काजळीतून. सगळं घरचं. निळा तेवढा परका: राजवर्ख, म्हणजे लाजवर्द हा निळा दगड, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. पाचव्या शतकात, वाकाटक घराण्यातल्या हरिषेण राजाच्या काळात, एवढ्या लांबून आलेला दगड वाटून तो कुणीतरी या दरीत भिंतीवर लावला. निळं कुठे आणि किती वापरलंय ते मोजत फिरणं हा आमचा एका दिवसाचा ठरलेला उद्योग आहे.

चित्रं इतकी पिवळट आणि काळपट का झालीत?

वटवाघळं, धूर, पाण्याची गळती हे आहेच. पण थोडं पाप आपल्या जातीचं, म्हणजे चित्रकारांचंही आहे. नकल करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर वॉर्निश फिरवलं गेलं. ग्रिफिथ्सच्या काळात ते सर्रास झालं. पुढे १९२०-२२ मध्ये निजाम सरकारनं इटालियन तज्ज्ञ आणले. सुटत चाललेला रंग त्यांनी बसवला, ढिला गिलावा पक्का केला, ते काम मोलाचंच. पण त्यांनी वापरलेली चपडी लाख काळानं पिवळी पडली. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ अनेक वर्षं हे थर उतरवतायत, अगदी बोटभर जागेपासून सुरुवात करून. म्हणून आमच्यात एक गोष्ट सक्त आहे: भिंतीला बोट लावणारा त्याच दिवशी घरी.

कुठल्या महिन्यात यावं?

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दरी हिरवीगार, टोकाचा धबधबा सातकुंडांतून उड्या घेत वाघूर नदीत येतो, दृश्य बघत राहावं असं. पण आत उजेड नसतो आणि कागद पापडासारखा वाकतो. मे महिन्यात येणाऱ्याला मी काही सांगत नाही, तो माझं ऐकणार नसतोच. नाताळच्या सुट्टीचे आठ दिवस आणि शनिवार-रविवार टाळा. कड्यावर आग्या मोहोळं असतात. अत्तर, सिगारेट, आरडाओरडा तिन्ही नको.

सामान काय आणावं?

दोन बी आणि चार बी पेन्सिल, वही, बसायला जुन्या चादरीची घडी, पाण्याची बाटली. खोडरबर आणू नका. चुकलेली रेघ तशीच राहू दे, दुसऱ्या खेपेला तीच कामाला येते. डबा उघड्यावर काढू नका, माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत.

मला चित्रकला येत नाही. चालेल का?

चालेल. येते असं वाटणाऱ्यांना पहिले दोन दिवस जास्त त्रास होतो.

प्रमाणपत्र मिळतं का?

नाही.

खर्च किती?

फी नाही. खोली, जेवण, बस, तिकीट जे होईल ते सगळ्यांत वाटून. दहावीच्या मुलांना परीक्षेच्या वर्षी आणत नाही, त्यांच्या आया मला फोन करून रडतात.

सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी काय करता?

सकाळी लेणापूरच्या बाजूनं व्ह्यू पॉइंटवर जातो. समोर घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा आणि त्यात ओळीनं काळी दारं. आठवडाभर ज्यांच्या आत डोकं घातलं ती लेणी तिथून तळहाताएवढी दिसतात. तासभर तेच काढतो.

मग अजिंठा गावात, पारूची समाधी बघायला. गिलबरोबर राहिलेली ही इथलीच बाई, लेणापूरची म्हणतात. १८५६ च्या मे महिन्यात ती गेली आणि गिलनं तिची समाधी बांधली, वर इंग्रजीत तिचं नाव कोरलं. त्यांच्या गोष्टीवर कविता झाली, सिनेमा झाला, त्यामुळे बहुतेकांना ती आधीच ठाऊक असते आणि प्रत्यक्षात साधा दगडी चौथरा बघून जरा हिरमुसतात. मी त्यांना सांगते, अक्षरं काढा. प्रत्येक अक्षर, आहे तसं. कोरणाऱ्या कारागिराला इंग्रजी येत असेल का, हे त्या अक्षरांची वळणं काढता काढता तुम्हीच ठरवा. यावरून आमच्यात दर वर्षी दोन तट पडतात आणि भांडण फर्दापूरपर्यंत चालतं. सोमवारी आमच्या जेवणाच्या मावशी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी करतात, तेव्हा कुठे ते मिटतं.